नावापुरती नाव

भाच्याने बॅग उघडली. वर मामीसाठी स्वेटर, मधे चॉकलेटं आणि तळाशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं पिवळट धातूचं एक नळकांडं. वीतभर लांब, आतून एका बाजूने झिजलेलं. विमानतळावर म्हणे दोनदा उघडून दाखवायला लागलं.

"हे काय रे?"

"बुश आहे, मामा. नावेच्या पंख्याचा शाफ्ट ज्यात फिरतो ते. गनमेटल आहे. इथे कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यात करून मिळेल का?"

हा बर्मिंगहॅमजवळ राहतो. नोकरी कॉम्प्युटरची, पण शनिवार-रविवार हात ग्रीसने माखलेले. जुन्या कालव्यांवरच्या मालवाहू नावा जपणारा एक क्लब आहे, त्यात तो चार वर्षांपासून जातो. तिथे निवृत्त ड्रायव्हर, नर्स, शाळामास्तर असे सगळे एकत्र येऊन नावेचं बूड खरवडतात, त्याला डांबर फासतात आणि भांडतात. नाव १९३६ सालची. लांबी सत्तर फूट आणि रुंदी सात. मी म्हटलं, ही नाव आहे की आगगाडीचा डबा? तर म्हणाला, लॉकच तेवढं.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. कालवा टेकडीवर न्यायचा तर पायरीपायरीने न्यावा लागतो आणि प्रत्येक पायरी म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक हौद. नाव आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, वरून पाणी सोडायचं. पाणी चढतं तशी नावही चढते. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनियरने मधल्या इंग्लंडातले हे हौद सात फुटांचे ठरवले, आणि पुढे दोनशे वर्षं तिथल्या नावा त्या मापाबाहेर जाऊ शकल्या नाहीत. आपल्याकडे बैलगाडीची चाकोरी असते, तसंच हे.

मग रेल्वे आली, ट्रक आले, कालवे गाळाने भरायला लागले. १९४६ मध्ये काही हट्टी माणसांनी इनलँड वॉटरवेज असोसिएशन काढली आणि कालवे बुजवू नका म्हणून सरकारच्या मागे लागली. १९६२-६३ च्या हिवाळ्यात तिथले कालवे आठवडेच्या आठवडे गोठले. नावा बर्फात रुतून बसल्या, कोळसा रस्त्याने जायला लागला, तो परत पाण्यावर फारसा आलाच नाही. भंगारात निघालेल्या नावा मग अशा क्लबवाल्यांनी एकेक करून उचलल्या.

"आता तू मला आपल्याकडची जुनी नाव दाखव," भाचा म्हणाला. "चार दिवस आहेत."

"त्यात काय, चल रंकाळा तलावावर."

"मामा, ती प्लास्टिकची बदकं."

मी गप्प. पंचगंगेच्या काठावर साठ वर्षं काढली, पण पंचगंगेत लाकडी नाव शेवटची कधी बघितली ते मला काही केल्या आठवेना.

पहिला दिवस, गुरुवार

सकाळी मिसळ झाली. भाच्याने कट वेगळा मागून घेतला आणि नंतर अर्धा तास नाक पुसत बसला. इंग्लंडने पोरगं मऊ केलंय.

तिथून शिवाजी उद्यमनगर. माझ्या वर्गातला एक मित्र तिथे दोन लेथ घेऊन बसतो. त्याने बुश हातात घेतलं, आत बोट फिरवलं, उजेडाकडे धरून बघितलं.

"पाण्यातलं हाय न्हवं?"

"हो, नावेचं."

"ग्रीस कमी पडलंय. एकाच अंगानं खाल्लंय बघ. शाफ्ट जरा खाली बसलाय."

भाचा माझ्याकडे बघत राहिला. क्लबात म्हणे यावर तीन रविवार वाद झाला होता. इंजिन कुठलं, मित्राने विचारलं. लिस्टर, भाचा म्हणाला. मित्र हसला आणि शेडच्या मागे घेऊन गेला. तिथे पपईच्या झाडाखाली, गंजलेल्या पत्र्यांच्या आड, एक लिस्टर इंजिन पडलेलं होतं. फ्लायव्हीलवर कोंबडी बसलेली.

भाच्याला वाटलं योगायोग आहे. योगायोग कसला! नदीचं पाणी उचलून ऊसाला द्यायचं म्हणजे काठाकाठाला इंजिनं लागायची. आधी विलायती आली, ती बिघडली की कोल्हापुरात दुरुस्त व्हायला लागली, दुरुस्त करता करता इथले मिस्त्री सुटे भाग ओतायला लागले, मग अख्खी इंजिनं करायला लागले. उद्यमनगरातल्या कितीतरी फाउंड्र्यांचं मूळ या ऑइल इंजिनात आहे. राजकोटकडे तर लिस्टरच्या नकला अजून बनतात. ज्या घराण्याचं इंजिन तिकडे नाव ढकलत होतं, त्याच घराण्याचं इकडे ऊस पाजत होतं, एवढंच.

"रविवारी सांजच्याला या," मित्र म्हणाला. पैशांचं विचारलं तर "बघू की". कोल्हापुरात याच्यापुढे विचारायचं नसतं.

दुपारी टाऊन हॉल संग्रहालय. हे माझं हुकमाचं पान होतं. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकाम झालं, तेव्हा काही रोमन काशाच्या वस्तू सापडल्या. त्यात एक वीतभराची मूर्ती आहे, पोसायडनची. ग्रीकांचा समुद्रदेव. उघडावाघडा, दाढीवाला, एका पायावर भार देऊन उभा. समुद्रावर जायचं तर इथून घाट उतरावा लागतो, आणि हा देव दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून आमच्या नदीकाठी येऊन बसला. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातल्या प्रदर्शनालाही जाऊन आला. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याला बघितलेलं नाही, आणि त्या निम्म्यांत गेल्या वर्षापर्यंत मीही होतो.

"नाव नाही, पण नावाड्यांचा देव आहे," मी म्हटलं.

"मामा, चीटिंग."

संध्याकाळी पंचगंगा घाट. त्रिपुरारी पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवसच झालेले. त्या पहाटे इथे पायरीपायरीवर पणत्या लागतात, सगळं कोल्हापूर काळोखात येऊन उभं राहतं. आता दगडांवर तेलाचे काळे गोल डाग उरले होते आणि एक म्हातारी बाई चुकलेल्या पणत्या टोपलीत गोळा करत होती. भाचा डागांवरून पाय वाचवत खाली गेला आणि पाण्याजवळच्या पायऱ्यांच्या कडा हाताने चाचपायला लागला. काय शोधतोस म्हटलं तर म्हणाला, दोराच्या खाचा. तिकडे इंजिनाआधी नाव घोडा ओढायचा. कालव्याच्या काठाने घोडेवाट, घोड्यापासून नावेपर्यंत लांब दोर. पुलाखालून जाताना दोर कोपऱ्याला घासायचा. दगड झिजू नये म्हणून लोखंडी पट्ट्या बसवल्या, तर शंभर वर्षांत दोराने लोखंडातही बोट जाईल एवढ्या खाचा पाडल्या. त्या खाचा आता तिथे लोक मुद्दाम दाखवतात.

आमच्या घाटावर खाचा नव्हत्या. पोहऱ्याच्या दोराने विहिरीच्या काठाला पडतात तशा असतील असं मलाही वाटलं होतं. इथे नाव ओढायची नसायची, पैलतीराला न्यायची असायची. पलीकडे जायचं, परत यायचं. नदीवरून लांब जायला कोल्हापूरकराला कारणच काय होतं? शिवाजी पूल झाल्यावर पलीकडे जायलाही नावेचं कारण उरलं नाही.

घाटावरच्या छत्र्या, म्हणजे समाध्या, बघताना भाच्याला फ्लॉरेन्स आठवलं. छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना १८७० साली तिथे वारले. वय एकविशीच्या आतबाहेर. अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलालाच 'इंडियानो' नाव पडलंय. भाचा दोन वर्षांपूर्वी तिथे जाऊन आला होता. परक्या मुलखात, तेही माणसं घाबरलेली असताना, बरोबरच्या लोकांनी संगम शोधून काढला. आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार

आधी प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि न दिसणारी सरस्वती, मिळून पंचगंगा. सकाळचं धुकं होतं, नाव नव्हती, दहा मिनिटांत निघालो.

तिथून भोगावतीच्या कडेकडेने राधानगरी. शाहू महाराजांनी मुलीच्या नावावरून गावाला नाव दिलं, तलावाला लक्ष्मी तलाव म्हटलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरण हाती घेतलं. पैसा कमी पडला, काम थांबलं, महाराज १९२२ मध्ये गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. ८.३६ टीएमसी पाणी, आणि सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरल्या पातळीला आलं की माणसाने हात न लावता दरवाजा आपण होऊन उघडतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. हा आकडा मला पाठ आहे कारण जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या घरी देवाच्या आरतीआधी दरवाजांची बातमी ऐकतात. 'पाचवा उघडला' म्हटलं की शेजारचे खालच्या मजल्यावरचा फ्रीज वर न्यायला लागतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ च्या महापुरात ५५ च्या वर गेलं होतं.

आत्ता नोव्हेंबर, तलाव काठोकाठ, दरवाजे बंद. भाचा म्हणाला, "शाहू महाराज इंग्लंडला गेले होते ना? त्यांनी कालवे बघितले असतील?"

"१९०२ ला गेले होते, एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाला. बघितले असतील तरी आणले नाहीत."

हे मी सहज बोललो, पण परतीच्या वाटेवर त्याचा अर्थ मलाच नीट कळला.

हळदीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी (गाव मुद्दाम सांगत नाही, तिथल्या लोकांनी कामाच्या वेळी आम्हाला मधे-मधे करू दिलं हे त्यांच्या साहेबाला आवडायचं नाही) नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे आणि तिथे बरगे घालायचं काम चाललं होतं. मी हे आयुष्यभर गाडीतून बघितलंय, उतरून कधीच नाही. भाच्याने "थांब, थांब" म्हणून ओरडा केला तेव्हा मला वाटलं कुत्रं आडवं आलं.

बंधारा म्हणजे नदीत ओळीने उभे दगडी खांब. प्रत्येक खांबाला दोन्ही अंगांना उभ्या खाचा. पावसाळ्यात मधले गाळे मोकळे, नदी हवी तशी वाहते. पाऊस सरला की खाचांतून एकावर एक फळ्या सोडायच्या, त्या फळ्या म्हणजे बरगे. एक रांग पुढे, एक मागे, आणि दोन रांगांच्या मधे गाळ, म्हणजे चिकणमाती. ती पाणी अडवते. पाऊस यायच्या आधी बरगे परत काढायचे. कुठे आता लोखंडी आहेत, कुठे अजून लाकडी. इथे दोन्ही होते.

भाचा पुलावरून वाकून खाचांकडे बघत होता. "मामा, हे आमचं आहे."

"काय तुमचं?"

"स्टॉप प्लँक. तिकडे कालव्याच्या पुलाखाली अशाच खाचा असतात, बाजूला फळ्यांची चळत ठेवलेली असते. कालव्याचा एक तुकडा कोरडा करायचा असला की दोन्हीकडे फळ्या टाकायच्या. आम्ही मागच्या मार्चमध्ये टाकल्या. हुबेहूब हेच."

आणि बूट न काढताच तो खाली उतरला. तिथे एक सत्तरीचा माणूस, धोतर वर खोवलेलं, गाळ तुडवत होता. वरून पाट्या पडत होत्या, हा पायाने दाबत होता.

"कशाला तुडवताय, काका?"

"न तुडवून सांगताय कुणाला? गळतंय. मातीत वारा ऱ्हायला की पाणी वाट काढतंय. लोण्यावानी झाली पायजे."

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ब्रिंडलीचे कालवे पाणी धरतात ते याच युक्तीवर. चिकणमाती पाण्यात कालवायची, आतली हवा जाईपर्यंत तुडवायची, तिचा थर कालव्याच्या तळाला आणि कडांना द्यायचा. मजूर बुटांनी तुडवायचे, कधी त्यावरून गुरं हाकायचे. पार्लमेंटच्या समितीला हे पटेना म्हणून ब्रिंडलीने म्हणे समितीसमोरच मातीचा नमुना करून त्यात पाणी ओतून दाखवलं, असं तिकडे सांगतात. भाच्याने हे सगळं त्या काकांना मराठीत सांगितलं, अर्धं इंग्रजी शब्दांत अडकत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेबाला दावायला लागलं व्हय?" ते म्हणाले. "आमच्यात साहेब कवा खाली उतरतच न्हाई."

मग त्यांनी भाच्याला मधल्या गाळ्यात उभं केलं. तो पाऊण तास तुडवत होता. मी वर बसून एका पोराकडून शेंगा घेऊन खाल्ल्या. लोखंडी बरगे चोरीला जातात, भंगारवाल्याकडे किलोने जातात, लाकडी जळणाला जातात, असं तो पोरगा सांगत होता. "मग कुठले बरे?" "ज्याच्यावर रातच्याला कोण बसंल ते बरे."

शेंगा खाताना जे डोक्यात जुळलं ते असं. राधानगरीच्या पाण्याला मोठा कालवा काढलाच नाही. धरणातून पाणी नदीतच सोडायचं, नदीत ठिकठिकाणी बंधारे घालून ते तळ्यासारखं उभं करायचं, आणि काठाकाठाने इंजिन बसवून ज्याने-त्याने उचलायचं. नदीलाच कालवा केलं. म्हणून हे बंधारे कोल्हापूरच्या नावाने ओळखले जातात, म्हणून इंजिनं आली, म्हणून उद्यमनगर, म्हणून त्या मित्राला बुश बघूनच शाफ्ट कुठे बसलाय ते कळलं.

"पण एक फरक आहे," गाडीत बसताना भाचा म्हणाला. "लॉक नाही. या नदीत नाव असती तरी पहिल्या बंधाऱ्यालाच अडली असती."

गाडीच्या मॅटवर अर्धा किलो भोगावती.

तिसरा दिवस, शनिवार

शिरोळच्या रस्त्याला ऊस लागला होता. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यांवर भिंतीएवढे स्पीकर. एकाच्या मागे पंचवीस मिनिटं 'झिंगाट' ऐकत गेलो. शेवटी कंटाळून गुऱ्हाळावर थांबलो.

चुलवाणावर काहील उकळत होती, मळी निघून रस सोनेरी झालेला. आत दोघं झोपतील एवढी मोठी ती कढई. शेजारी एक जुनी काहील पालथी पडलेली, तळाला ठिगळं मारलेली. भाचा तिच्यावर बोटं वाजवत म्हणाला, "ही तर नावच झाली की."

मी हसलो. गुळव्या हसला नाही.

"नावच हाय ती. पाणी आलं की ह्याच काहिली सोडतोय आमी. माझ्या बापानं हिच्यातनं बाळंतीण नेलीया पलीकडं."

"वल्ही?"

"वल्ही कुठली? पाटी न्हाईतर पळं. पर ही गिरगिरती. सवं न्हाई त्यानं बसू नये. मधी बसायचं, हलायचं न्हाई, आन् बोलायचंबी न्हाई."

गोल बुडाची नाव गरगर फिरणारच. भाच्याने पालथ्या काहिलीचे फोटो काढले, रिव्हेटांचे वेगळे, ठिगळांचे वेगळे. क्लबात पाठवले. तिकडून एका बाईचं उत्तर आलं, नाव सुंदर आहे, पण नांगर कुठे टाकता? गुळव्याला सांगितलं. तो म्हणाला, "टाकायचा कशाला? पूर उतरला की ही परत चुलवाणावर चढती." तांब्याभर काकवी दिली, पैसे घेतले नाहीत.

दुपारी नृसिंहवाडी. दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी, या क्रमाने. कृष्णेला पंचगंगा मिळते तो संगम पायऱ्यांवरून दिसतो. पुराचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा इथे दक्षिणद्वार सोहळा होतो. लोक त्या पाण्यात न्हायला येतात. पुराचा असा सण करणारं दुसरं गाव मला माहीत नाही. २०१९ चं पाणी मात्र सण म्हणून घेण्यापलीकडचं होतं.

घाटाला नावा लागलेल्या होत्या, सगळ्या पत्र्याच्या, कठड्याला केशरी जॅकेटं टांगलेली. भाच्याने लाकडी नावेचं विचारलं. म्हातारा नावाडी, आंबी समाजातला, वल्ह्याला टेकून उभा होता.

"लाकडाची? ती जळणात गेली की. दरसाली काथ्या कोंबा, राळ लावा, उनात फाटली की परत काथ्या. पत्र्याला काय, रंग मारला की झालं."

भाच्याला तो संगमापर्यंत घेऊन गेला. मीही बसलो, मला पोहता येत नाही हे आधी सांगून. मधे गेल्यावर नदी शांत, दोन रंगांचं पाणी थोडा वेळ वेगवेगळं चालतं. नावाडी बोलत होता. पूर्वी गाव वर्षाला धान्य द्यायचं, नाव गावाची असायची. लग्नाचं वऱ्हाड, गुरं, बैलगाडी सुद्धा.

"गाडी? एवढ्याशा नावेत?"

"एका न्हाई बसत. दोन नावा जोडायच्या, वर फळ्या टाकायच्या. सांगड."

सांगड घालणे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. कशाची कशाशी सांगड घालायची हे मीही बँकेच्या अहवालात लिहिलंय. पण सांगड म्हणजे एकमेकींना बांधलेल्या दोन नावा, किंवा पोहायला बांधलेले दोन भोपळे, हे लिहिताना एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

भाचा जागेवरून उठला, नाव हलली, नावाड्याने त्याला खाली बसवलं. तिकडे इंजिनवाली नाव आणि बिनइंजिनाची अशी जोडी चालायची. बिनइंजिनाचीला बटी म्हणतात. इंजिनाच्या नावेवर नवरा, बटीच्या सुकाणूवर बायको, मागच्या दहा फुटांच्या केबिनमध्ये सगळा संसार. अरुंद कालव्यात बटी दोराने मागे ओढायची, रुंद कालवा आला की दोन्ही नावा कडेला कडा लावून बांधायच्या आणि एकच करून चालवायच्या. याला त्याच्याकडे जो शब्द आहे तो त्याने सांगितला, मी विसरलो. मला सांगड पुरेसा वाटला.

"शर्यती बघायला या सांगलीला, पावसाळ्यात," नावाडी उतरताना म्हणाला. "होड्या हितनं तिथपतुर लांब. माझा नातू वल्हवतो." मग हातांनी रुंदी दाखवली, ती सात फूट नव्हती, फारतर दोन. "ती होडी कोण जळणात घालत न्हाई."

२०१९ बद्दल मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. रात्रभर माणसं काढली. पलूसकडे ब्रह्मनाळला नाव उलटली, त्यानंतर त्याची बायको त्याला पुराच्या पाण्यात जाऊ देईना. "तरी गेलो. ज्याला येतंय त्यानं जायचं न्हाई तर कुणी?"

चौथा दिवस, रविवार

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बाराव्या शतकातलं, शिलाहारांचं. अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, वर मधोमध छताला गोल मोकळी जागा, तिच्यातून खाली गोल ऊन. महादेवासमोर नंदी नाही. यावर लिहायला लोकांनी आधीच खूप लिहिलंय, मी नदीकडे वळतो.

काठाला एक नाव होती. पलीकडे जुगूळ, म्हणजे कर्नाटक. दोन मोटारसायकली, एक शेळी, शाळेचं दप्तर घेतलेली पोरगी आणि आम्ही. रविवारी दप्तर कशाला हे विचारायचं राहिलं. इंजिन पाण्याच्या पंपाचं, आवाज असा की शेळी सुद्धा गप्प. नाव पत्र्याची. भाच्याने उसासा टाकला आणि बसल्या बसल्या पायाखालची फळी उचलून बघितली.

आत लाकूड होतं. पत्र्याच्या आतून काळ्या, तेलकट फळ्या, जुन्या लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या. भाचा गुडघ्यावर बसला.

"ही लाकडी आहे!"

"व्हय की. आज्ज्याची नाव हाय. खालच्या फळ्या बा नं बदलल्या, वरच्या मी. मग गळायला लागली म्हणून पत्रा ठोकला. इंजिन चार वर्सामागं."

"मग आजोबांचं काय राहिलं?"

नावाडी सुकाणूवर हात ठेवून जरा वेळ विचार करत होता. "नाळेजवळच्या दोन फळ्या. आन् नाव."

भाचा मोठ्याने हसला. क्लबात हाच वाद चालतो. १९३६ च्या त्या नावेचं बूड दोनदा बदललंय, बाजूचे पत्रे नवे, इंजिन दुसरं, आता बुशही कोल्हापूरचं. काही जण म्हणतात ही जुनी नाव नव्हेच. काही जण म्हणतात, जी दर रविवारी पाण्यात जाते तीच जुनी. पलीकडे पोचलो, कन्नड पाटी असलेल्या टपरीवर चहा घेतला, त्याच नावेने परत आलो. येताना भाच्याने नावाड्याकडून सुकाणू मागितलं. नावाड्याने दिलं आणि स्वतः इंजिनापाशी जाऊन बसला, नजर मात्र भाच्याच्या हातावर.

संध्याकाळी उद्यमनगर. मित्राने कापडी पिशवी पुढे केली. आत दोन बुश, आरशासारखे.

"दोन का?"

"एक जोडीला. परत झिजलं की इथवर येतायसा व्हय?" पैसे एकाचेच घेतले, तेही मी फार जोर केला म्हणून. जुनं बुश त्याने ठेवून घेतलं. कशाला म्हटलं तर "असूंदे".

रात्री बॅगेचं वजन. तेवीस किलोची मर्यादा. दोन बुश, हिने केलेली चटणी दोन किलो, बाकरवडी, गुळाची ढेप, गुऱ्हाळावरची काकवी. काटा सव्वीसावर. भाच्याने काकवी काढायला हात घातला, मामीने बघितलं, हात मागे गेला. मग त्याने बूट काढून ठेवले आणि माझ्या चपला घालून गेला.

ते बूट आमच्या गॅलरीत आहेत. हिने दोनदा घासले. वरचा चिखल गेला, पण तळाच्या खोबणीत बसलेला गाळ काही निघत नाही. सळईने उकरून बघितलं. चांगला तुडवलाय त्याने.